स्वीटगम शाळेची पाटी आणि वर्डेल प्रिचेटचं अंगण

वर्डेल प्रिचेटच्या अंगणात गवताचं पातं उगवायची प्राज्ञा नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हॅलोवे काउंटीत आता सगळ्यांच्या दारापुढे हिरवळ आली, ती कापायची यंत्रं आली, पण वर्डेलचं अंगण तिच्या आजीच्या वेळी होतं तसंच राहिलं. उघडं, तांबूस, झाडून झाडून घट्ट झालेलं. डॉगवूडच्या फांद्या बांधून ती स्वतः खराटा करायची आणि पहाटे प्रार्थना आटोपली की फाटकापासून पायरीपर्यंत मागे मागे सरत झाडत जायची. मातीवर खराट्याच्या रेघा उठायच्या. आजी सांगायची, झाडलेल्या अंगणात साप लपत नाही आणि कोण येऊन गेलं तेही लपत नाही. वर्डेल पायरीवर उभी राहून सांगायची, "रेव्हरंड सकाळीच येऊन गेले वाटतं, दारापर्यंत आले नि परत फिरले." शेजारची आयोनी म्हणायची, "अगं, तू पोलिसात का नाही गेलीस?"

पोलिसात नाही, ती शाळेच्या बसवर गेली. तीसहून जास्त वर्षं तिने पिवळी बस चालवली. सुरुवातीला काही गोऱ्या आईबापांनी काळ्या बाईच्या बसमध्ये मुलं पाठवायची नाहीत असं ठरवलं होतं. वर्डेलने कुणाशी वाद घातला नाही. त्यांच्या फाटकापुढे ती रोज बस उभी करायची, दार उघडायची, थोडी वाट पाहायची, दार मिटायची आणि निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पावसाळी एक आठवडा आला, चिखलातून पोरांना पोचवता पोचवता बापांनी हात टेकले आणि एकेक पोर मुकाट्याने बसमध्ये चढलं. वर्डेल एवढंच म्हणाली, "पाय पुसून ये."

तिच्या रस्त्यावर रेल्वेचे रूळ आडवे जातात. शाळेच्या बसला रुळांआधी थांबावंच लागतं. गाडी येत असो वा नसो, दार उघडायचं आणि कान द्यायचा. वर्डेल हात वर करायची आणि सबंध बस गप्प व्हायची. इतकी गप्प की मागच्या सीटवरच्या पोराच्या पोटातली गुरगुर ऐकू यावी. मग ती दार मिटायची, बस रुळांवरून खडखडत पलीकडे जायची आणि लगेच पुढे, डाव्या अंगाला, स्वीटगम शाळेच्या पाटीपाशी थांबायची. तिथे दोन मुलं चढायची. ती येईपर्यंत वर्डेल आरशात बघून म्हणायची, "रूळ गेले. आता वाचा."

जो पुढच्या सीटवर असेल त्याने वाचायचं. पुढच्या सीटवर कोण, तर ज्याने आदल्या दिवशी दंगा केला तो. त्यामुळे काउंटीतल्या सगळ्या वांड पोरांना ती पाटी तोंडपाठ झाली.

पाटी ओतीव धातूची, एका खांबावर, दोन्ही बाजूंनी तेच लिहिलेलं. चर्चने ती करून घेतली होती. रविवारच्या जेवणावळी, केकची विक्री, तळलेल्या माशांच्या पंगती, असं करत करत पैसे जमवून. त्या पाटीवर लिहिलं होतं:

"स्वीटगम शाळा. इथल्या काळ्या शेतकऱ्यांनी आपल्या मुलांसाठी ही शाळा स्वतःच्या हातांनी बांधली. याच काउंटीतल्या माणसांनी ती जाळली. ती पुन्हा बांधली. ती पुन्हा जाळली. कोणावरही खटला झाला नाही. ती तिसऱ्यांदा बांधली. ती उभी राहिली."

तिन्ही वेळा लाकूड तोडणाऱ्यांत वर्डेलचे आजोबा एझ्रा होते. तिसऱ्या शाळेत तिची आई शिकली. पुढे मुलं शहरातल्या शाळेत जाऊ लागली, इमारत रिकामी पडली, वाऱ्यापावसाने खाली बसली आणि तिच्यावर पाइनची झाडं वाढली. राहिली ती पाटी. वर्डेलला मूलबाळ नव्हतं, नवरा रूफस लाकडाच्या वखारीवर काम करता करता लवकर गेला होता. तिला कुणी विचारलं, वर्डेल, तुझं मागे काय राहणार, तर ती रस्त्यापलीकडे हात करायची. पाटी तिच्या घराच्या अगदी समोर होती. रोज सकाळी पडदा सारला की आधी ती दिसायची आणि मग सूर्य.

रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा काउंटीच्या रस्ते विभागाचा मुकादम डॅरल क्रम्ली तिच्या फाटकाशी आला. गोरा, थुलथुलीत, डावा पाय किंचित फरफटत चालणारा. तरुणपणी अंगावर झाड पडलं होतं. तोही तिच्या बसमधलाच.

"मिस वर्डेल, पाटी काढावी लागेल हो. आमच्या शेडमध्ये नीट ठेवतो. रस्ता झाला की होती तिथेच लावतो."

"होती तशी?"

"होती तशीच. माझ्या आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस, तिला गुडघेदुखी पुरेशी आहे. जा, काढ."

रस्ता झाला. काळाभोर, मधोमध पिवळी रेघ. पाटी काही आली नाही. वर्डेल शेडवर गेली तर डॅरल तिच्या डोळ्याला डोळा देईना. टोपी हातात फिरवत म्हणाला, "वरून सांगितलंय, मिस वर्डेल, की ती हरवली."

"हरवली की हरवली असं सांगितलंय?"

डॅरलने टोपी डोक्यावर चढवली. "मला पगार वरूनच मिळतो," तो म्हणाला.

वर म्हणजे काउंटी मंडळाचा अध्यक्ष ब्रेंट थार्प. थार्प घराणं इथलं जुनं. अक्रोडासारख्या पेकानच्या बागा त्यांच्या, वखार त्यांची, कोर्टापुढच्या बाकावर नाव त्यांचं. शाळा कुणी जाळली ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं आणि स्वीटगममध्ये ते कुणी मोठ्याने बोलतही नसे. पण थार्पांच्या आजोबांच्या पिढीबद्दल म्हातारी माणसं बोलायला लागली की आवाज आपोआप खाली यायचा. आता ब्रेंटला रस्त्याकाठी पाहुण्यांसाठी नव्या पाट्या लावायच्या होत्या. पेकानची बाग, जुना पूल, पहिली वखार. त्या ओळीत स्वीटगम शाळेचीही एक. तिचा मजकूर स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला. आयोनीने तो वर्डेलच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवला.

"'स्वीटगम शाळा. या परिसरातील मुलांची जुनी शाळा. आगीत नष्ट झाल्यानंतर ती पुन्हा बांधण्यात आली.'" आयोनीने चष्मा काढला. "बस. एवढंच."

वर्डेल मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. "आगीत," ती म्हणाली. "म्हणजे आग आपली आपण चालत आली, शाळेचं दार वाजवलं, आत येऊ का म्हणाली."

"वर्डेल, आपलं वय बघ. जाऊ दे. निदान शाळेचं नाव तरी राहतंय."

"नाव नको मला. माझे आजोबा तीनदा झाडं तोडायला गेले. दोनदा नाही, तीनदा. या पाटीवर ते दोनदाच गेलेत." तिने भांडं ओट्यावर आपटलं. पीठ उडून तिच्या भुवईवर बसलं. आयोनीला हसू आलं, पण वर्डेलचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

सोमवारी मंडळाची बैठक होती. स्वीटगम चर्चची माणसं टोप्या, हातमोजे घालून रविवारसारखी आली. पण सभागृहात इतरही पुष्कळ होते, कुणी पाण्याच्या तक्रारीला, कुणी कुत्र्यांच्या. दारात शेरीफचा डेप्युटी कोल्बी उभा होता, कमरेला पिस्तूल, गालावर अजून पोरकट खळी. "मिस वर्डेल, बसा ना, खुर्ची देऊ?"

"बसायला नाही आले रे बाळा."

तिची पाळी आली. वर, उंच मेजामागे, पाच जण होते. मधोमध ब्रेंट.

"मिस वर्डेल, तुम्हाला तीन मिनिटं," ब्रेंट गोड आवाजात म्हणाला. "आम्हा सगळ्यांना तुमच्याबद्दल आदर आहे."

"आदर घरी ठेव. पाटी कुठे आहे?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ब्रेंटने घसा साफ केला. "दुर्दैवाने जुनी पाटी कामाच्या गडबडीत गहाळ झाली. तिच्यावर नेमकं काय लिहिलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही, म्हणून मंडळाने सर्वांना रुचेल असा..."

"कुणालाच आठवत नाही?"

"तसं नेमकं नाही ना कुणाला..."

"ब्रेंट," वर्डेल म्हणाली, "तू माझ्या बसमध्ये पुढच्या सीटवर किती दिवस बसलास?"

आता सगळं सभागृह हसलं. वरच्या पाचांतला एकजणही खाली बघून हसला. ब्रेंट लाल झाला. "तो इथे विषय नाही."

"तोच विषय आहे. बॉबी जो डिक्सनच्या पाठीत कंपास खुपसलास म्हणून एकदा. एमीच्या डब्यात बेडूक घातलास म्हणून एकदा. तू तर दुसरीकडे बसायचास तेव्हा मला चुकल्यासारखं व्हायचं."

"मिस वर्डेल, तुमचा वेळ संपत आलाय."

तिने ब्रेंटकडे पाठ केली. सभागृहाकडे तोंड करून तिने हात वर केला, जसा ती रुळांआधी करायची. आणि काय सांगावं, पाण्याची तक्रार घेऊन आलेला, कुत्र्यांची घेऊन आलेली, दाढीवाले, टक्कलवाले, कडेवर मूल घेतलेल्या, सगळे एकदम गप्प झाले. त्यांना कळायच्या आधी त्यांच्या जिभा गप्प झाल्या होत्या. मग तिने हात खाली घेतला.

"रूळ गेले," ती म्हणाली. "आता वाचा."

वर्डेलच्या मनात आलं, देवा, मी चुकले की काय. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॅरल क्रम्लीने जमिनीकडे बघत, शाळकरी पोराच्या एकसुरी आवाजात सुरुवात केली. "स्वीटगम शाळा. इथल्या काळ्या शेतकऱ्यांनी..." दुसऱ्या ओळीला बँकेत काम करणारी एक बाई मिसळली. मग दारातला कोल्बी. मग चर्चचे सगळे. मग ते, ज्यांनी पाटीचा विचार पंचवीस वर्षांत एकदाही केला नव्हता. याच काउंटीतल्या माणसांनी ती जाळली. ती पुन्हा बांधली. ती पुन्हा जाळली. काही गोरी माणसं तेवढ्या ओळीला अडखळली, पण तोंडं थांबली नाहीत. पाठ केलेलं मधेच थांबवता येत नाही.

"कोणावरही खटला झाला नाही," या ओळीला वर्डेल वळली आणि तिने वर बघितलं. ब्रेंट थार्पचे ओठ हलत होते.

ती उभी राहिली, असं म्हणून सभागृह थांबलं. कडेवरचं मूल रडायला लागलं.

मग मतं घेतली. दोन जुन्या मजकुराला, दोन नव्याला. ब्रेंटने आपल्यापुढच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत हात वर केला, नव्याला.

आयोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्डेलने पर्स उचलली. "लाव," ती ब्रेंटला म्हणाली. "तुझी पाटी लाव. मी समोरच राहते."

आणि लावली. चकचकीत, कडेला पेकानच्या पानांची नक्षी. ती उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्डेल सकाळी अंगण झाडून, रविवारची जांभळी टोपी घालून, घडीची खुर्ची काखेत मारून रस्ता ओलांडायची आणि त्या पाटीच्या शेजारी चर्चच्या जमिनीवर बसायची. आता बस चालवायला टिओना नावाची मुलगी होती, तीही वर्डेलच्या बसमध्येच वाढलेली. ती रुळांआधी थांबायची, दार उघडायची, कान द्यायची, रूळ ओलांडून पाटीपाशी यायची आणि पुन्हा दार उघडायची. वर्डेल खुर्चीतून म्हणायची, "पाटीवरचं वाचलंत? आता त्यांनी गाळलेलं ऐका." आणि ती सांगायची. थंडीत सांगितलं, डासांत सांगितलं, सर्दीने आवाज बसला तेव्हा आयोनीने सांगितलं आणि वर्डेलने बोट उचलून चुका काढल्या.

लोक चेष्टा करायचे. "पाटीला पाय फुटले," कुणी म्हणायचं. काहींनी गाडीतून वाईट शब्दही टाकले. रेव्हरंड एकदा येऊन म्हणाले, "सिस्टर वर्डेल, तुम्ही हे प्रार्थनेत ठेवा, देव बघतोय."

"प्रार्थनेत आहेच, रेव्हरंड. देव बघतोय म्हणूनच बसते. तो बघतो आणि मी झोपून राहते, हे बरं दिसेल का?"

रेव्हरंडांनी तिच्या शेजारी गवतावर रुमाल पसरला आणि बस येईपर्यंत बसून राहिले.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वर्डेलला जे कळायचं ते ती कुणाला सांगत नव्हती. आवाज थकतो. ती गेली की खुर्ची रिकामी होणार, आणि मग पेकानच्या पानांची नक्षी तेवढी राहणार. "देवबापा," ती म्हणायची, "धातूचा घसा बसत नाही. मला धातू दे." आणि कूस बदलायची.

मार्चमधल्या एका पहाटे ती खराटा घेऊन दार उघडून बाहेर आली आणि पायरीवरच थबकली.

अंगणात, फाटकाच्या आत, रस्त्याकडे तोंड करून जुनी पाटी उभी होती. एका कोपऱ्याला शेवाळ, वरती कोळ्याचं जाळं, पण तीच. खांबाच्या बुडाशी सिमेंट अजून ओलं होतं, करडं, चमकत होतं. वर्डेल जवळ गेली. तिने 'तिसऱ्यांदा' या शब्दावरून बोट फिरवलं. मग तिथेच, झाडायच्या आधी, गुडघ्यांवर बसली. फार वेळ नाही. गुडघे ऐकत नव्हते.

उठताना तिचं लक्ष मातीकडे गेलं. फाटकापासून पाटीपर्यंत हातगाडीच्या चाकाची रेघ होती. तिच्या कडेने मोठ्या बुटांचे ठसे. उजवा ठळक, डावा फरफटलेला. येताना, जाताना.

वर्डेलने ते ठसे नीट पाहिले. मग खराटा उचलला आणि झाडायला लागली. आधी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला सांडलेली चाकाची माती. मग फाटकापासून पायरीपर्यंत, मागे मागे सरत, नेहमीपेक्षा सावकाश, एक कोपरा न सोडता. मग आत गेली आणि कॉफी ठेवली.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. शाळेच्या बसआधी ब्रेंट थार्पची गाडी येऊन थांबली, मागे कोल्बीची. ब्रेंट तरातरा फाटक उघडून आत आला. कोल्बी फाटकाबाहेरच राहिला, टोपी काढून.

"मिस वर्डेल, ही इथे कशी आली?"

"कोण ही?"

"पाटी!"

"हां. ती तर हरवली होती ना? तूच म्हणालास, सगळ्यांसमोर. सापडली बघ. देवाची कृपा."

"ही काउंटीच्या ताब्यातली वस्तू आहे."

"वस्तू चर्चची. केक विकून केलेली. आणि अंगण माझं. तुझी पाटी रस्त्याकाठी आहे ना, राहू दे की बिचारीला. तिलाही सोबत झाली."

ब्रेंटने दात आवळले. "कुणी आणली ते सांगा. शेडला कुलूप असतं. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याची नोकरी जाईल."

"असं होय?" वर्डेल पायरीवर बसली, कपात फुंकर घातली. "कोल्बी, बाळा, तू कायद्याचा माणूस. माझं अंगण कसं असतं ते तुला माहीत आहे. इथे चिमणी उतरली तरी कळतं. बघ बरं, कुणाचे ठसे आहेत?"

कोल्बीने फाटकावरून मान लांब केली. सगळीकडे खराट्याच्या रेघा, ताज्या, सारख्या. त्यात एकाच माणसाचे बूट, फाटकापासून पाटीपर्यंत.

"आहेत, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला. "फक्त अध्यक्षसाहेबांचे."

ब्रेंटने खाली बघितलं. मग पाटीकडे. तिला हलवून बघावं म्हणून त्याने खांबाकडे हात नेला.

"सांभाळून," वर्डेल म्हणाली. आवाज चढवला नाही. बसमध्ये आरशातून बोलायची तसं. "सिमेंट ओलं आहे. थार्पाच्या हाताचा ठसा राहील त्यावर. कायमचा. तुला चालणार असेल तर लाव हात."

ब्रेंटचा हात हवेत राहिला. तेवढ्यात रुळांआधी ब्रेक करकरले. दार उघडल्याचा आवाज आला आणि मग ती शांतता, सबंध रस्त्यावर. दार मिटलं. बस खडखडत रूळ ओलांडून आली आणि नव्या पाटीपाशी न थांबता वर्डेलच्या फाटकापुढे थांबली. टिओनाने खिडकीतून एकदा बघितलं, मग मागे वळून काहीतरी म्हणाली. पुढच्या सीटवरची एक दात पडलेली मुलगी खिडकीला नाक लावून वाचायला लागली, बोबडं, मोठ्याने, एकेक शब्द. याच काउंटीतल्या माणसांनी. तिचं होईपर्यंत ब्रेंटला तिथेच उभं राहावं लागलं, कारण फाटकासमोर बस होती.

बस गेली, गाड्या गेल्या. आयोनी गाउनवरच धावत आली, पाटीला मिठी मारायला निघाली, वर्डेलने ओरडून थांबवलं. मग दोघी पायरीवर बसल्या. आयोनीने अंगणाकडे बघितलं. फाटकापासून पाटीपर्यंत ब्रेंटच्या बुटांची ओळ होती, महागड्या बुटांची, टाचेवर नक्षी.

"घाण केली मेल्याने," आयोनी म्हणाली. "आण खराटा, मी झाडते."

"नको," वर्डेल म्हणाली. "आज राहू दे. रस्त्याने जाणारे सगळे बघतील. अध्यक्ष स्वतः वाचायला आले होते."